देणगी, वर्गणी आणि अनुदान : मराठी वाचनालयांतील ग्रंथनिवडीची दोन शतके

सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांत ऐतिहासिक कादंबरीशेजारी आयुर्वेदाचे पुस्तक, रहस्यकथेच्या खालच्या फळीवर संतचरित्र आणि बालवाङ्मयाच्या कपाटाला लागून स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके असावीत, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, हा शेजार कोणीतरी जाणीवपूर्वक जुळवून आणला आहे याची आठवणही राहत नाही. परंतु महाराष्ट्रातील वाचनालयांचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहता असे दिसते की, भिन्न रुचीच्या वाचकांसाठी भिन्न प्रकारची पुस्तके निवडण्याचे काम कधीच केवळ साहित्यविचाराचे नव्हते; पुस्तकांचा खर्च कोण सोसतो, यावर कोणते पुस्तक कपाटात यावे हे बव्हंशी ठरत आले. आरंभी हा खर्च देणगीदार आणि सरकारी अधिकारी यांनी उचलला, पुढे वर्गणीदार सभासदांनी आणि १९६७ नंतर मुख्यतः शासकीय अनुदानाने. आणि या तिन्ही आश्रयदात्यांनी आपापल्या आवडीचा आणि आपापल्या अपेक्षेचा ठसा ग्रंथसंग्रहावर उमटवला.

मुंबईतील सर्वांत जुन्या ग्रंथसंग्रहांपैकी एकाची सुरुवात १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे या संस्थेत, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीत झाली. मात्र तिचे दार १८४० मध्ये माणकजी करसेटजी यांना सभासदत्व मिळेपर्यंत एतद्देशीयांना बंदच होते. दरम्यान जिल्ह्याच्या गावी वेगळ्या प्रकारच्या संस्था उभ्या राहू लागल्या होत्या. रत्नागिरी येथे १८२८ मध्ये, अहमदनगर येथे १८३८ मध्ये, नाशिक येथे १८४० मध्ये, पुण्यात १८४८ मध्ये आणि कोल्हापुरात १८५० मध्ये स्थापन झालेली वाचनालये ही त्यांपैकी ठळक होत. यांतील अनेकांची मूळ नावे ‘नेटिव्ह लायब्ररी’ किंवा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी होती. पुण्याची अशी संस्था पुढे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. गोरे अधिकारी, संस्थानिक, सरदार, सरकारी नोकरीतील नवशिक्षित आणि काही व्यापारी यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या या वाचनालयांतील संग्रह स्वाभाविकपणेच देणाऱ्यांच्या कल्पनेप्रमाणे वाढला. इंग्रजी वृत्तपत्रे, इतिहास, चरित्रे, कायदा आणि नीतिपर ग्रंथ यांना त्यात मानाचे स्थान होते, तर मराठी पुस्तकांचा वाटा लहान होता.

हा वाटा लहान असण्याचे एक कारण पुरवठ्यातच होते. मुंबई इलाख्यात छापील मराठी पुस्तकांची पहिली मोठी लाट शालेय होती. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या शालापुस्तक मंडळीने अंकगणित, व्याकरण, भूगोल आणि बोधकथा यांची पुस्तके तयार करून घेतली आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ हे १८२८ मधील भाषांतर याच वातावरणात आले. शाळेबाहेरच्या प्रौढ वाचकासाठी ललित व माहितीपर असे वैविध्यपूर्ण गद्य निर्माण व्हावयाचे होते. ते निर्माण व्हावे यासाठी झालेल्या प्रयत्नांत दक्षिणा फंडाचे प्रकरण विशेष उल्लेखनीय आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा कंपनी सरकारने कमी प्रमाणात चालू ठेवली होती; तिचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, अशी मागणी पुण्यातील सुधारकांनी केली, तिला सनातनी मंडळींचा विरोध झाला आणि अखेर १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. कोणत्या विषयावर पुस्तक हवे आणि आलेल्यांपैकी कोणते बक्षिसास पात्र आहे हे ठरवणारी ही कमिटी म्हणजे मराठीतील ग्रंथनिवडीची एक आरंभीची औपचारिक यंत्रणा म्हणता येईल. तिच्या निवडीचा निकष ‘उपयुक्तता’ हा होता. वाचकाला काय वाचावेसे वाटते, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता.

ज्या वाचकाला काय वाचावेसे वाटते हे ठाऊक होते, तो या काळात वाचनालयाबाहेर होता. शिळाछापावर निघालेले ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’, ‘शिवलीलामृत’ यांसारखे ग्रंथ आणि पंचांगे पोथीच्या आकारात छापली जात, बाजारात विकली जात, आणि चातुर्मासात देवळाच्या ओसरीवर एकाने वाचावे व दहांनी ऐकावे या रीतीने त्यांचे वाचन होई. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये छापलेले पंचांग आणि जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यातून १८६९ पासून निघालेली संस्कृत-मराठी प्रकाशने यांचा मोठा ग्राहक हाच होता. नव्या वाचनालयांनी या वाचकाच्या रुचीची फारशी दखल घेतली नाही, आणि त्यामुळे मराठी ग्रंथव्यवहाराच्या आरंभीच एक दुभंग तयार झाला: एकीकडे सुशिक्षितांच्या कपाटातील ज्ञानग्रंथ आणि दुसरीकडे घराघरांतील पोथी.

हा दुभंग ओलांडणारा वाङ्मयप्रकार कादंबरी ठरला. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये ग्रंथरूपाने आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले अरबी भाषेतील सुरस कथांचे भाषांतरही १८६०च्या दशकातले. अद्भुत योगायोग, पळवून नेलेल्या नायिका आणि शेवटी सत्पक्षाचा जय अशा वळणाच्या या कथांनी कीर्तन-पुराणाच्या श्रोत्याला एकट्याने, मनातल्या मनात वाचण्याची सवय लावली. मागणी जसजशी वाढली तसतसा आक्षेपही वाढला. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक’ या विषयावर लिहिलेला निबंध हा या वादाचा महत्त्वाचा पुरावा होय. या नव्या प्रकारांनी वाचकाचे हित होते की अहित, हा त्यातील मूळ प्रश्न. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून काढलेल्या ‘निबंधमाले’त वाचन या विषयाचा स्वतंत्र विचार झाला, आणि त्याच विष्णुशास्त्र्यांनी पुण्यात ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकानही उभारले. म्हणजे वाचकाने काय वाचावे याचा उपदेश आणि त्याला पुस्तक मिळवून देण्याची व्यवस्था, ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीने अंगावर घेतली होती.

१८६७ च्या पंचविसाव्या अधिनियमाने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद बंधनकारक केली आणि इलाख्यातील नव्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. त्यामुळे कोणत्या विषयावर किती लिहिले जात आहे, हे प्रथमच एका दृष्टिक्षेपात कळू लागले. महादेव गोविंद रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा १८९८ मध्ये इंग्रजीत लिहिला, त्यालाही अशाच नोंदींचा आधार होता. रानडे यांचे लक्ष मुख्यतः उणिवांवर होते: धर्म, काव्य, नाटक यांत भर असली तरी शास्त्र, राज्यव्यवहार आणि परदेशांचा इतिहास या विषयांत मराठी वाचकाला फारसे काही उपलब्ध नाही. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने त्याआधीच, १८९४ मध्ये, पुण्यात डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटी स्थापन झाली आणि त्याच वर्षी विष्णु गोविंद विजापूरकरांनी कोल्हापुरात ‘ग्रंथमाला’ हे मासिक सुरू केले, ज्यातून इतिहास, शास्त्र व तत्त्वज्ञानाचे ग्रंथ हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत. वर्षाची वर्गणी आगाऊ घेऊन अनेक विषयांची पुस्तके पाठवण्याच्या या पद्धतीत निवड संपादकाची आणि धोका वर्गणीदाराचा असे. पण त्यामुळेच ज्या पुस्तकाला एकट्याने गिऱ्हाईक मिळाले नसते, ते लोकप्रिय पुस्तकाच्या सोबतीने वाचकाच्या घरी पोहोचे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाचनालयांची पैशाची बाजू बदलली. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. इंग्रजी पुस्तकांच्या छायेत वाढलेल्या नेटिव्ह लायब्रऱ्यांपेक्षा या संस्थांचा हेतू निराळा होता: मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक, मग ते तत्त्वज्ञानाचे असो वा चार आण्यांचे प्रहसन, जतन करावयाचे. येथे निवड नाकारणे हेच धोरण होते, आणि त्याचे फळ पुढील अभ्यासकांना मिळाले; शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’, जिचा १८०० ते १९३७ या काळाचा खंड १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळाचा खंड १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, अशा संग्रहांवाचून अशक्यच होती. परंतु सर्वसंग्राहक होण्याची ऐपत बहुतेक गावांत नव्हती, आणि तेथील वाचनालयांना वर्षाकाठी हाती येणाऱ्या थोड्या रकमेत निवड करणे भागच होते.

अशा वाचनालयाचा व्यवहार कसा चाले हे पाहिले म्हणजे निवडीचे मर्म कळते. सभासदाने अनामत रक्कम ठेवावयाची आणि दरमहा वर्गणी भरावयाची. वर्गणीच्या मानाने सभासदांचे पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग, आणि वर्गानुसार एका वेळी एक, दोन किंवा अधिक पुस्तके घरी नेण्याची मुभा. कपाटे कुलपात असत. वाचकाने छापील विषयवार यादी चाळावी, हव्या असलेल्या पाचसहा पुस्तकांचे क्रमांक चिठ्ठीवर उतरवावेत आणि देवघेवीच्या टेबलावर द्यावेत, मग लेखनिक त्यांपैकी जे जाग्यावर असेल ते काढून देई. यादीतील विभागही ठराविक असत: कादंबरी, नाटक, काव्य, चरित्र, इतिहास, प्रवास, धर्म व तत्त्वज्ञान, निबंध, वैद्यक, ज्योतिष, शास्त्रीय, बालवाङ्मय आणि कोठेच न बसणाऱ्यांसाठी संकीर्ण. नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळे, मग शिक्का, मग जाड पुठ्ठ्याची बांधणी. आणि ज्याची बांधणी वर्षभरात पुन्हा उसवली ते पुस्तक लोकांना हवे होते हे निराळे सांगावे लागत नसे.

टेबलावर आणखी एक वही असे. तिला कोठे ‘सूचना वही’, कोठे ‘मागणी वही’ म्हणत. वाचकाने हवे असलेल्या पुस्तकाचे नाव तीत लिहावे आणि पुस्तक-निवड समितीने आपल्या बैठकीत ती समोर ठेवून खरेदी ठरवावी, अशी रीत होती. समितीत बहुधा शिक्षक, वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी असत आणि मागणी वहीत बहुधा कादंबऱ्यांची नावे असत. या दोहोंत जो तोल साधला जाई, त्यातून गावाचा संग्रह घडे. वर्गणीदार कादंबरीसाठी येतो हे समितीला ठाऊक असे आणि वर्गणीवाचून ज्ञानकोशाचा खंड विकत घेता येणार नाही हेही ठाऊक असे. त्यामुळे हरिभाऊ आपटे यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून आलेल्या आणि मग ग्रंथरूप झालेल्या कादंबऱ्या, नाथमाधवांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या, काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचे १८९५ पासूनचे बांधीव अंक, ही वाचनालयांची खरी कमाई होती. रियासतकारांचा इतिहास किंवा श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश फार थोड्यांनी चाळला असला, तरी तो कपाटात येऊ शकला तो कादंबरी वाचणाऱ्यांच्या पैशावर. मनोरंजनाने ज्ञानाचा खर्च भागवला, ही वर्गणीच्या काळातील वस्तुस्थिती होय.

तथापि वर्गणी जशी वाचकाला आवाज देते तशी ती ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला दाराबाहेरही ठेवते. आणि वर्गणीच्या अडसराच्या आधी जातीचा आणि स्त्रीत्वाचा अडसर होता. मराठी ग्रंथकारांच्या १८८५ मधील सभेचे निमंत्रण आले असता जोतीराव फुले यांनी ते पत्राने नाकारले; शूद्रातिशूद्रांच्या हिताशी ज्यांच्या लेखनाचा मेळ बसत नाही अशा ग्रंथकारांच्या सभेत सामील होण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. त्यांचा आक्षेप ग्रंथकारांवर असला, तरी तो वाचनालयांच्या कपाटांनाही तितकाच लागू पडत होता, कारण शेतकरी, कारागीर किंवा अस्पृश्य यांच्या जगण्याविषयीचे पुस्तक त्या विषयवार यादीत शोधूनही सापडले नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहांबरोबरच वाचनालये हाही आपल्या कार्याचा भाग मानला आणि मुंबईत मोफत वाचनालय चालवले. ‘मोफत’ हा शब्द अनेक वाचनालयांच्या नावांत दिसतो तो केवळ औदार्य म्हणून नव्हे, तर वर्गणीच्या पद्धतीवरील टीका म्हणूनही.

वर्गणीच्या या मर्यादेवर सर्वांत व्यापक उत्तर एका संस्थानाने शोधले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून संपूर्ण राज्यात सक्तीचे केले होते. शाळेत अक्षरओळख झालेला माणूस पुढे वाचावयास काही न मिळाल्याने पुन्हा निरक्षर होतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना १९१० मध्ये बडोद्यास आणले. बोर्डन १९१३ मध्ये परतले, पण तोवर मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावच्या वाचनालयांचे जाळे आणि ग्रंथपालांचे प्रशिक्षण यांची घडी बसली होती. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतील नियतकालिकही तेथून निघू लागले. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी जितकी रक्कम जमवावी तितकीच दरबारने आणि तितकीच पंचायतीने घालावी, असे सूत्र ठरले होते. त्यामुळे निवडीत गावाचा हक्क राहिला आणि खर्चाचा भार मात्र एकट्या गावावर राहिला नाही.

बडोद्याची फिरती पेटी ही निवडीच्या दृष्टीने या योजनेतील सर्वांत लक्षणीय वस्तू. भक्कम लाकडाची, कुलपाची ही पेटी आगगाडीने वा बैलगाडीने खेड्यात जाई, तेथील शाळामास्तर किंवा कोणी जबाबदार गृहस्थ तिचा ताबा घेई, आणि ठरलेली मुदत संपली की ती परत येऊन दुसरी रवाना होई. तीत पंधरा ते तीस पुस्तके मावत. एवढ्या थोड्या जागेत शेतकऱ्याला, त्याच्या शाळकरी मुलाला, पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्याला आणि नुकत्याच अक्षरे शिकलेल्या गृहिणीला प्रत्येकी काहीतरी मिळावे असे साधावयाचे म्हणजे प्रत्येक पुस्तकाची जागा विचार करूनच ठरवावी लागे. मोठ्या ग्रंथालयातील चुकीची निवड कपाटात लपून जाते, पेटीतील चुकीची निवड तीन महिने डोळ्यांसमोर राहते. शिवाय अशा वाचकांसाठी पुरेशी सोपी पुस्तकेच उपलब्ध नव्हती, म्हणून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि लहानांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ यांतून मराठी व गुजराती पुस्तके मुद्दाम लिहवून घेण्यात आली. जे निवडावयाचे तेच उपलब्ध नसेल तर ते निर्माण करावे, ही दक्षिणा प्राइज कमिटीची जुनी कल्पना येथे प्रत्यक्ष वाचकाशी जोडली गेली.

याच सुमारास ग्रंथनिवडीला शास्त्राचे रूपही येत होते. लायोनेल मॅककॉल्व्हिन या इंग्रज ग्रंथपालांनी १९२५ मध्ये असे मांडले की, निवडीचा पाया वाचकांची मागणी हाच असला पाहिजे, परंतु ती मागणी किती मोठी आहे, किती मोलाची आहे आणि किती प्रकारची आहे, या तिन्ही मापांनी ती मोजली गेली पाहिजे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा ही दोन सूत्रे याच प्रश्नाच्या दोन बाजू होत. या दोहोंतील पहिल्याने समितीला मागणी वही उघडावयास लावली. दुसऱ्याने धूळ खात पडलेल्या पुस्तकासाठी वाचक शोधण्याची जबाबदारी ग्रंथपालावर टाकली. कुलूपबंद कपाटांऐवजी वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणारी ‘मुक्तद्वार’ पद्धत रंगनाथनांनी हिरिरीने पुरस्कारली ती याचसाठी की, कादंबरी शोधता शोधता शेजारचे प्रवासवर्णन हाती लागावे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर शासनाने या क्षेत्रात पाऊल टाकले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि खेडे अशी उतरंड सुचवली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत होऊन १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रासच्या १९४८ च्या आणि कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यांनी ग्रंथालय-कर बसवून ग्रंथालये सार्वजनिक यंत्रणेकडे नेली. महाराष्ट्राने कर न बसवता, लोकांनीच स्थापन केलेल्या संस्थांना मान्यता आणि अनुदान देण्याचा मार्ग पत्करला, आणि १९७० च्या नियमांनी या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली. वर्गवारी ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, कामाचे तास यांवर ठरत असल्याने छोट्या गावांतही वाचनालये निघाली आणि पुढे त्यांची संख्या बारा हजारांवर गेली. कोलकाता येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी आणि असमान निधी या योजनांनी त्यात पुस्तकरूपाने भर घातली.

अनुदानाने जे साधले ते वर्गणीने कधीच साधले नसते. परंतु त्याने निवडीच्या केंद्रस्थानी असलेला वाचक काहीसा बाजूला सरकला, हेही नाकारता येत नाही. ग्रंथसंख्या हा निकष झाला की थोडी मोठी पुस्तके घेण्यापेक्षा पुष्कळ लहान पुस्तके घेण्याचा मोह होतो. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी रक्कम खर्चावयाची असली की मागणी वहीऐवजी विक्रेत्याची यादी आणि तो देत असलेली सूट निर्णायक ठरते. आणि शासनमान्य यादीत आलेले पुस्तक खपते, मग ते वाचले जावो अथवा न जावो. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती ग्रंथालयांच्याच भरवशावर काढणारे प्रकाशन या व्यवस्थेतून जन्मले. त्याच व्यवस्थेमुळे कवितासंग्रह, वैचारिक ग्रंथ आणि नवोदितांचे कथासंग्रह छापले जाऊ शकले, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

सार्वजनिक वाचनालयाने जे नाकारले ते खासगी फिरत्या वाचनालयांनी सामावून घेतले. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या या दुकानवजा वाचनालयांचे कोणतेही वाङ्मयीन धोरण नव्हते. पुस्तक फिरते की नाही एवढेच ते पाहत. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराच्या घरात गेलेल्या रहस्यकथा, चंद्रकांत काकोडकरांच्या प्रणयकादंबऱ्या आणि पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांची पुस्तके त्यांच्या आधारावर घराघरांत गेली. समित्यांनी नाके मुरडली तरी या वाचकांतूनच पुढे रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’चे (१९६२) आणि शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’चे (१९६७) हजारो वाचक मिळाले, असे मानावयास जागा आहे. दुसऱ्या टोकाला, दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) यांनी चरित्र-आत्मचरित्राच्या जुन्याच विभागात पूर्वी कधीही न आलेले जग आणले. फुल्यांनी १८८५ मध्ये दाखवलेली उणीव भरून निघण्यास अशा प्रकारे जवळजवळ एक शतक लागले, आणि ती समित्यांच्या दूरदृष्टीने नव्हे तर लेखकांच्या लेखणीने भरली. नव्या पुस्तकांची वार्ता आणि परीक्षणे देणारे ‘ललित’ मासिक (१९६४) आणि वाचकांनाच सभासद करून पुस्तके पोहोचवणारी ‘ग्रंथाली’ची चळवळ यांनी या काळात निवडीला आवश्यक असणारी माहिती तालुक्याच्या गावापर्यंत नेली.

गेल्या दोन-तीन दशकांत वाचनालयांच्या संग्रहात सर्वांत वेगाने वाढलेला विभाग ललित वाङ्मयाचा नाही. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, अनुवादित आत्मविकासपर पुस्तके आणि त्यांना जोडून चालणाऱ्या अभ्यासिका हे अनेक ग्रामीण वाचनालयांचे मुख्य काम झाले आहे. यात अवनती पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, उपयुक्त ग्रंथ हाच १८५१ च्या कमिटीचाही निकष होता, आणि अभ्यासिकेत येणारा तरुण हा बहुधा आपल्या घराण्यातील पहिला नियमित वाचक असतो. प्रश्न त्याच्या हाती मार्गदर्शकाखेरीज दुसरे पुस्तक केव्हा व कसे जाते, हा आहे.

दोन शतकांच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. केवळ देणगीवर वाढलेल्या संग्रहात वाचक दुर्लभ झाले, केवळ वर्गणीवर चाललेल्या संग्रहातून गरीब वगळले गेले आणि केवळ अनुदानावर विसंबलेल्या संग्रहात पुस्तके वाढली पण त्यांची देवघेव त्या मानाने वाढली नाही. भिन्न रुचीच्या वाचकांना आपापले पुस्तक तेथेच मिळाले, जेथे पैसा एकाहून अधिक ठिकाणांहून आला आणि निवड करणारी माणसे वाचकाच्या रोजच्या पाहण्यातली होती. अनुदानाची रक्कम वाढवण्याइतकेच, ती खर्चताना विक्रेत्याच्या यादीआधी मागणी वही उघडण्याचे बंधन ग्रंथनिवड समित्यांनी स्वतःवर घालून घेणे आज अगत्याचे आहे.